निर्माता बदलतो तेव्हा : लंडन अग्निशमन दलाच्या बंबखरेदीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

आग विझविणाऱ्या वाहनाला मराठीत 'बंब' असे म्हटले जाते. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'बोंबा', म्हणजे पंप, या शब्दावरून आला असे मानले जाते. या एका शब्दात अग्निशमनाच्या इतिहासाचे एक सूत्र दडलेले आहे. आज आपण ज्याला गाडी समजतो तो मुळात पंप होता. पंपाला चाके लागली, चाकांना घोडे जोडले गेले, घोड्यांच्या जागी इंजिन आले आणि हळूहळू पंपाची गाडी झाली. या प्रवासात बंब तयार करणारे कारखानेही बदलत गेले.

एखाद्या महानगराच्या अग्निशमन दलाने नवे बंब घेतले आणि ते नेहमीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीकडून घेतले, ही सामान्यतः वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची बातमी असते. निविदा, दर आणि संख्या यांपलीकडे तिची चर्चा क्वचितच होते. तथापि नगर-इतिहासाच्या अभ्यासकाला या बातमीत अधिक काही दिसू शकते. बंब कोणाकडून घ्यायचा हे ठरविताना आगीची जबाबदारी कोणाची, तिचा खर्च कोणी सोसायचा आणि यंत्राचे ज्ञान कोणाच्या हाती राहायचे, हे प्रश्नही ठरत असतात. प्रस्तुत निबंधात लंडनच्या उदाहरणावरून हा मुद्दा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लंडनची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे तेथील संघटित अग्निशमनाचा सलग इतिहास १८३३ पासून उपलब्ध आहे. दुसरे म्हणजे आपल्याकडील नागरी संस्थांची घडण ब्रिटिश राजवटीत झाली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ज्या नागरी कर्तव्यांची चौकट घालून दिली, तिच्यामागे इंग्लंडमधील नगरशासनाचा अनुभव होता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जवानांच्या हाती कोणते साधन द्यायचे हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, याची जाणीव आपल्यालाही या घटनेने करून दिली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लंडनमध्ये बंबांचे निर्माते कोणत्या परिस्थितीत बदलले हे पाहणे.
२) निर्मात्यातील बदल आणि प्रशासकीय जबाबदारीतील बदल यांचा संबंध तपासणे.
३) यंत्रदुरुस्तीचे ज्ञान दलाकडे राहण्याचे महत्त्व स्पष्ट करणे.

त्यासाठी दुय्यम साधनांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विमा कंपन्या आणि हातबंब :

१६६६ च्या महाभयंकर आगीनंतर लंडनमध्ये आगविम्याचा व्यवसाय उभा राहिला आणि विमा कंपन्यांनी आपापली अग्निशमन पथके बाळगली. १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून 'लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट' ही संस्था स्थापन केली. एडिंबरोहून आलेले जेम्स ब्रेडवुड हे तिचे प्रमुख झाले. ही संस्था सार्वजनिक नव्हती. विमा उतरविलेल्या मालमत्तेचे रक्षण हा तिचा मूळ हेतू होता.

तिचे बंब हाताने चालविले जात. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांवर माणसे उभी राहून पंप वरखाली करीत. मोठ्या बंबाला वीस-पंचवीस माणसे लागत आणि ती बहुधा जमलेल्या गर्दीतूनच घेतली जात. त्यांना पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढील प्रत्येक तासाला सहा पेन्स आणि शिवाय बिअर दिली जाई. बिअर संपली की पंपही थांबे, अशी तत्कालीन वर्णने आढळतात.

विशेष म्हणजे वाफेवर चालणारा बंब तेव्हाही अस्तित्वात होता. जॉन ब्रेथवेट यांनी जॉन एरिक्सन यांच्या साहाय्याने १८२९ मध्ये तो तयार केला होता. फेब्रुवारी १८३० मध्ये लंडनमधील आर्गाइल रूम्सला आग लागली तेव्हा कडाक्याच्या थंडीने हातबंब गोठले. वाफेचा बंब मात्र सुमारे पाच तास अखंड पाणी फेकत राहिला. इतका स्पष्ट पुरावा मिळूनही पुढील तीन दशके लंडनने तो स्वीकारला नाही.

याला केवळ पुराणमतवाद म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रेडवुड यांचे म्हणणे असे होते, की आगीच्या मुळाशी जाऊन थोडे पाणी नेमके मारले पाहिजे. जोरदार प्रवाह हाती आला की जवान दूर उभे राहून पाणी फेकतील, आत शिरणार नाहीत आणि पाण्यानेच अधिक नुकसान होईल. त्यांचा विरोध यंत्रापेक्षा यंत्रामुळे बदलणाऱ्या कार्यपद्धतीला होता. नवे यंत्र घेताना जुने कौशल्य हरवते काय, हा त्यांचा प्रश्न आजही निरर्थक ठरत नाही.

टूली स्ट्रीट आणि वाफेचा स्वीकार :

१८६० च्या सुमारास ब्लॅकफ्रायर्स भागातील 'शँड मेसन' या कारखान्याचा वाफेचा बंब संस्थेने अखेर वापरात आणला. हा कारखाना संस्थेला अपरिचित नव्हता. तिला हातबंब पुरविणाऱ्या टिली यांचाच व्यवसाय शँड व मेसन यांनी पुढे चालविला होता. म्हणजे तंत्र बदलले तरी पुरवठादाराशी असलेले नाते टिकून राहिले.

२२ जून १८६१ रोजी थेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर, मसाले असा माल तेथे भरलेला होता. आग सुमारे दोन आठवडे धुमसत राहिली. भिंत कोसळून ब्रेडवुड यांचा मृत्यू झाला आणि सुमारे वीस लाख पौंडांचे नुकसान झाले. या घटनेनंतर विमा कंपन्यांनी हा भार आपल्याला पेलवणार नाही असे सरकारला कळविले. त्यातून १८६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून 'मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड' ही सार्वजनिक सेवा सुरू झाली. तिचा खर्च मालमत्तेवरील अर्धा पेनी कर, सरकारचे वार्षिक दहा हजार पौंड आणि विमा कंपन्यांचा प्रत्येक दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंडांचा वाटा यांतून भागविला जाई.

दरम्यान जुलै १८६३ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे वाफेच्या बंबांच्या जाहीर चाचण्या झाल्या. मोठ्या बंबांच्या गटात 'मेरीवेदर' कंपनीच्या 'सदरलँड' या बंबाला पहिले पारितोषिक मिळाले, तर लहान गटात शँड मेसनची सरशी झाली. पुढील काळात लंडनच्या दलात प्रामुख्याने शँड मेसनचे बंब दिसतात. त्या कंपनीच्या एका प्रसिद्ध प्रकाराचे नावच 'लंडन व्हर्टिकल' होते. सर्वांत शक्तिमान यंत्र शहराला सर्वांत उपयुक्त असतेच असे नाही. अरुंद रस्ते, घोड्यांची ताकद आणि वाफ तयार होण्यास लागणारा वेळ यांचा विचार करता हलका बंब सोयीचा होता. ठाण्यात बॉयलरचे पाणी आधीच तापवून ठेवण्याची पद्धत पडली. गर्दीतील भाडोत्री हातांची गरज संपली आणि त्यांच्या जागी वाफेचे यंत्र जाणणारा प्रशिक्षित जवान उभा राहिला. एका यंत्राने दलाची सामाजिक रचनाच बदलली.

पंपवाल्यांकडून मोटारवाल्यांकडे :

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी मोठा बदल झाला. मेरीवेदरने १९०४ मध्ये फिंचलीसाठी पेट्रोलवर चालणारा बंब तयार केला. परंतु खरी कलाटणी मिळाली ती गिल्डफर्डच्या 'डेनिस' कंपनीमुळे. सायकलींपासून सुरुवात करून मोटारगाड्यांकडे वळलेल्या डेनिस बंधूंचा अग्निशमनाशी पूर्वी संबंध नव्हता. त्यांनी १९०८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरासाठी पहिला बंब बनविला. त्यात गाडी चालविणारे इंजिनच पंपही चालवीत असे आणि पंप दट्ट्याचा नसून चक्राकार फिरणाऱ्या पात्यांचा होता.

येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर दिसते. तोपर्यंत बंब बनविणारा कारखाना हा मूलतः पंपाचा कारखाना होता. आता गाडी बनविणारा कारखाना बंब बनवू लागला. लंडनच्या दलात डेनिस, लेलँड अशा मोटार कंपन्यांचे बंब येऊ लागले. १९२१ मध्ये तेथील शेवटचा घोड्याचा बंब निवृत्त झाला आणि त्याच दशकात शँड मेसन हे नाव मेरीवेदरमध्ये विलीन झाले.

तरीही ज्ञान दलाच्या हातून गेले नाही. १९३७ मध्ये लॅम्बेथ येथे सुरू झालेल्या मुख्यालयाला दलाच्या कार्यशाळांची जोड होती. जवान ज्या बंबावर काम करीत त्याचा दोष त्याच दलातील कारागिराला सांगत. डेनिस आणि लंडन यांचे नाते पुढे अनेक दशके टिकले, त्यामागे ही जवळीक होती असे म्हणता येईल.

ट्रकची चासी आणि दीर्घ मुदतीचा करार :

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लंडनने व्होल्वोच्या मालवाहू चासीवर बांधलेले बंब घेतले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या अटेगो चासीवरील बंब आले. २००७ मध्ये डेनिसचे अग्निशमन वाहनांचे उत्पादनच बंद झाले. बंब आता एका कारखान्याची निर्मिती राहिला नाही. चासी एकाची, त्यावरील बांधणी दुसऱ्याची आणि पंप तिसऱ्याचा अशी विभागणी झाली. याचे लाभही होते. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या चासीचे सुटे भाग सहज मिळत आणि सुरक्षेची मानके उंचावली.

परंतु निर्मात्यापेक्षाही मोठा बदल मालकीत झाला. २००१ मध्ये लंडनच्या प्राधिकरणाने वाहने व उपकरणे पुरविण्याचा आणि त्यांच्या देखभालीचा वीस वर्षांचा खाजगी करार केला. हा करार पुढे ॲसेटको या कंपनीकडे होता. बंब शहराच्या सेवेत होते, पण शहराच्या मालकीचे नव्हते. कंपनी आर्थिक अडचणीत सापडल्यावर २०१२ मध्ये हा व्यवसाय अवघ्या दोन पौंडांना दुसऱ्या गुंतवणूकदार संस्थेकडे गेला. २०१४ मध्ये बॅबकॉक या कंपनीशी एकवीस वर्षांचा नवा करार झाला.

दोन पौंड हा आकडा येथे उद्बोधक आहे. महानगराच्या सर्व बंबांची व्यवस्था ज्या व्यवहाराने हस्तांतरित झाली, त्यात नागरिकांचा किंवा जवानांचा सहभाग नव्हता. १८६६ मध्ये लंडनने जी जबाबदारी खाजगी विमा कंपन्यांकडून आपल्याकडे घेतली होती, तिचा एक भाग एकविसाव्या शतकात वेगळ्या मार्गाने पुन्हा खाजगी हातांत गेला होता.

ग्रेनफेल : साधन आणि शहराची उंची :

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली, सुमारे ६७ मीटर उंच निवासी इमारतीला आग लागून ७२ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचे प्रमुख कारण इमारतीचे ज्वलनशील बाह्य आवरण होते, हे चौकशीत स्पष्ट झाले. रहिवाशांना घरातच थांबण्याची सूचना वेळेवर मागे घेतली गेली नाही, याबद्दल दलावरही टीका झाली. त्यामुळे उंच शिडी असती तर अनर्थ टळला असता असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. मात्र त्या रात्री लंडनच्या दलाकडील सर्वांत उंच शिडी ३२ मीटरची होती आणि ४२ मीटर पोहोचणारे वाहन शेजारच्या सरे परगण्यातून मागवावे लागले, ही वस्तुस्थिती नोंद घेण्याजोगी आहे.

त्यानंतर ६४ मीटर उंचीच्या तीन शिड्या घेण्यात आल्या. जर्मनीतील मागिरूस कंपनीच्या या शिड्या २०२१ च्या सुमारास सेवेत दाखल झाल्या. टूली स्ट्रीट असो वा ग्रेनफेल, मोठ्या दुर्घटनेनंतरच व्यवस्थेने आपल्या साधनांचा फेरविचार केला, हे साम्य नजरेआड करता येत नाही. शहर वाढते ते रोजच्या रोज, खरेदी होते ती दुर्घटनेनंतर.

निष्कर्ष :

१) लंडनमध्ये बंबांच्या निर्मात्यातील प्रत्येक मोठा बदल जबाबदारीच्या किंवा तंत्राच्या पुनर्रचनेशी जोडलेला आढळतो. किंमत हा त्यातील केवळ एक घटक होता.

२) चाचणीत श्रेष्ठ ठरलेले यंत्र आणि शहराला योग्य असणारे यंत्र यांत फरक असू शकतो. १८६३ नंतरचा शँड मेसनचा वापर हेच सुचवितो.

३) पंपाच्या कारखान्याकडून मोटारीच्या कारखान्याकडे आणि तेथून ट्रकच्या चासीकडे झालेल्या प्रवासात यंत्राची विश्वासार्हता वाढली, परंतु निर्माता आणि जवान यांच्यातील अंतरही वाढले.

४) पुरवठादार बदलता येतो. दुरुस्तीचे ज्ञान आणि मालकी एकदा दलाबाहेर गेली की ती परत आणणे कठीण असते. म्हणून खरेदीचा विचार कार्यशाळा, प्रशिक्षण आणि जवानांचे मत यांसह होणे आवश्यक आहे.

आपल्याकडील महानगरेही आज वेगाने उंच होत आहेत. नवा बंब शहरात दाखल होतो तेव्हा त्याला हार घातला जातो, नारळ फोडला जातो आणि छायाचित्रे काढली जातात. हा आनंद योग्यच आहे. परंतु दहा वर्षांनी तो बंब मध्यरात्री बिघडला तर तो उघडून दुरुस्त करणारा माणूस कोणाच्या नोकरीत असेल, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. लंडनचा जवळपास दोन शतकांचा अनुभव आपल्याला एवढे निश्चित सांगतो.