दिनविशेष : ७ जानेवारी – हिब्रूस बोलती करणारे पत्रकार
रशियन साम्राज्यातील लुझ्की या खेड्यात (आज ते बेलारूसमध्ये मोडते) १८५८ साली आजच्या दिवशी जन्मलेले हिब्रू पत्रकार एलिएझर बेन-येहूदा १८८१ साली जेरुसलेमास स्थायिक झाले, आणि प्रार्थना व ग्रंथ यांपुरती उरलेली ही प्राचीन भाषा घरोघरी चुलीपाशी बोलली जावी, या एका ध्यासापायी त्यांनी पोटच्या मुलाच्या कानी दुसरी भाषा पडू दिली नाही. हा हट्ट अंमळ निष्ठुरच म्हणावा लागेल. १८८४ साली काढलेल्या ‘हत्झ्वी’ या पत्रातून ते नवे शब्द रूढ करीत. तुर्की अंमलदारांनी त्यांस कैदेतही टाकले. शब्दकोशासाठी हिब्रूत ‘मिलोन’ हा सुटसुटीत शब्द त्यांनीच घडविला. इकडे मुंबईत जोसेफ इझिकेल राजपूरकर हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत उतरवीत होते. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांस मात्र या शब्दोद्योगाचे नवल वाटू नये; शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींनी दफ्तरातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यापूर्वीच सिद्ध करविला होता (‘दफ्तर’ तेवढे अद्याप हटलेले नाही). बेन-येहूदा १६ डिसेंबर १९२२ रोजी निवर्तले. त्यांचा १७ खंडांचा कोश १९५९ साली पुरा झाला.