एकच औषध, दोन गोळ्या

औरंगपुऱ्यांतील औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळीं थोडा वेळ उभें राहिलें, तर केव्हां ना केव्हां एक संवाद कानीं पडतो. "ताई, नेहमींची गोळी संपली आहे. ही न्या, औषध तेंच आहे." महिन्याभरानें त्या बाईंच्या छातींत धडधडूं लागतें, झोप उडते. घरांत मुलगा म्हणतो, "आई, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत." दुकानदार खरा, कीं आई खरी? थायरॉइडच्या औषधाचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो. आणि तें कोणत्याही एका पक्षास सर्वस्वीं अनुकूल नाहीं.

गळ्यांतील ही लहानशी ग्रंथि मंदावली, कीं अंग सुजतें, थंडी सोसवत नाहीं, बुद्धि जड होते. १८९१ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं अशा एका स्त्रीस मेंढ्याच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. तेवढ्या काळांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठीं खर्ची पडल्या. जीव वांचला, परंतु एका मेंढ्याची ग्रंथि दुसऱ्याच्या ग्रंथीसारखी नसे; त्यामुळें औषधाचें माप अनिश्चित राही. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं शुद्ध द्रव्य वेगळें केलें, आणि १९२७ सालीं ब्रिटनमध्यें हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार करून दाखविलें. मेंढ्याची गरज संपली. मापाची चिंता मात्र उरली.

कां उरली, तें पाहा. ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर एक ग्रॅम औषधांतून वीस हजार गोळ्या होतात! गोळींत औषध नाममात्र. बाकी सारें दुग्धशर्करा, पिष्ट, रंग व बांधणारीं द्रव्यें. शिवाय हें औषध उष्णता, उजेड व ओलावा यांनीं क्षीण होतें. आणि मे महिन्यांत आपल्या मराठवाड्यांत पारा चाळिशीपार जातो, हें सांगावयास नकोच. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें १९९७ सालीं या गोळ्यांचें सामर्थ्य एकसारखें नसल्याचें जाहीर करून उत्पादकांस नव्यानें परवाने घ्यावयास लावले.

भरणद्रव्य बदलल्यानें काय घडतें, याचे दोन मोठे दाखले आहेत. न्यूझीलंडमध्यें २००७ सालीं एल्ट्रॉक्सिन या गोळीचें रूप व घटक बदलले. आधींच्या तीस वर्षांत १४ तक्रारी नोंदल्या होत्या. पुढील दीड वर्षांत त्या १,४०० च्या वर गेल्या. तपासणींत मुख्य औषध बरोबर निघालें. आणि जेथें वृत्तपत्रांतून बोभाटा अधिक, तेथें तक्रारीही अधिक आढळल्या. मुलाचा पक्ष येथें बळकट होतो. फ्रान्समध्यें २०१७ सालीं लेव्होथायरॉक्स या गोळींतील दुग्धशर्करा काढून मॅनिटॉल व सायट्रिक आम्ल घातलें. सुमारे तीस लाख रुग्ण ती घेत होते. हजारोंनीं तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षीं सरकारला जुनी गोळी पुन्हां आयात करावी लागली. जून २०२० मध्यें लियों येथील न्यायालयानें तीन हजारांहून अधिक रुग्णांस प्रत्येकीं एक हजार युरो देवविले. तेही गोळी सदोष म्हणून नव्हे, तर बदल नीट कळविला नाहीं म्हणून!

न्यायाचें मर्म मला या निकालांत दिसतें. दुकानदाराचें म्हणणें सरासरीनें खरें आहे. परंतु औषध सरासरी मनुष्य घेत नसतो, एक विशिष्ट आई घेत असते. तिच्या तक्रारीस "मनाचे खेळ" म्हणणें हें उत्तर नव्हे. आणि भीतीपोटीं तिनें गोळी आपणहून सोडणें हाही उपाय नव्हे. गोळी बदलली, ती तारीख वहींत लिहावी, वैद्यांस कळवावें. हें औषध रक्तांतून निम्में होण्यास सुमारें एक आठवडा लागतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं रक्ततपासणी करावी. त्या आंकड्यांवरून मात्रा ठरवावी, वा जुनीच गोळी मिळवावी; आणि गर्भवतीच्या बाबतींत तर मुळींच विलंब करूं नये. धडधड फारच वाढली, तर मात्र ते आठवडे मोजीत बसूं नये.

मेंढ्यांच्या काळीं माप वैद्याच्या हातीं नव्हतें. आज तें आहे. मग घरांत वाद घालण्यापेक्षां मोजून पाहणें बरें नव्हे काय?