बांगड्या, करार आणि कर्ज : परदेशी शिकायला पैसा कुठून आला?

 

गटाच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघतो. कुणाची मुलगी इंजिनिअर झाली, कुणाचा मुलगा एम.एस्सी. झाला, आणि आता ते म्हणतात, बाहेरदेशी शिकायला जायचं. आई विचारते, "पैसा कुठून आणू? वावर विकू का?" हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो चांगला एकशे चाळीस वर्षांचा जुना आहे. आपल्याच मराठी बायामाणसांनी तो सोडवलेला आहे. कसा सोडवला, ते आज बघू.

एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. परदेशी शिक्षणाला चार तऱ्हेचा पैसा लागतो. एक, वाटखर्च. दोन, कॉलेजची फी. तीन, तिथला पोटखर्च. आणि चौथा, जो कुणी कागदावर लिहीत नाही, तो म्हणजे मागे राहिलेल्या घराचा खर्च. हे चारही पैसे एकाच दारातून आले, असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं आहे.

पहिली गोष्ट डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची. जन्म 31 मार्च 1865, माहेर कल्याणचं. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला बाईच डॉक्टर मिळाली पाहिजे, हे तिच्या मनाने तेव्हापासून घेतलं. गोपाळरावांनी 1880 मध्ये वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आलं, पण त्यात धर्म बदलण्याचा सल्ला होता. तो या दोघांना मान्य नव्हता. मदत मागायला गेलं की समोरचा अट घालतो, हे तेव्हाही होतं.

पण ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर लागेपर्यंत मासिक चाळताना त्यांनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. राहायची जागा अशी मिळाली, एका अनोळखी बाईच्या घरात.

आता वाटखर्च. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला होती. बाई एकटी बोटीने निघाली म्हणून लोक टीका करत होते. 24 फेब्रुवारी 1883 ला आनंदीबाई तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि मी का जाते, हे त्यांनी भरसभेत सांगितलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी बजावलं. त्या भाषणानंतर काही लोकांनी मदत दिली. व्हाइसरॉयने दोनशे रुपये दिले. तरीही तिकिटासाठी अंगावरचे दागिने विकावे लागले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

आणि फी? अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला स्वतः पत्र लिहिलं. कोण आहे, काय शिकले आहे, पैसे किती कमी आहेत आणि शिकून काय करणार, हे सगळं सरळ मांडलं. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची सोय केली. म्हणजे बघा, बांगड्यांनी फक्त समुद्र ओलांडला. फी कॉलेजने दिली, तीसुद्धा मागितली म्हणून दिली. आजही परदेशातली बरीच कॉलेजं हुशार आणि गरजू मुलांना फीमध्ये सूट देतात. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याची तारीख ठरलेली असते. ती चुकली तर प्रवेश मिळूनही हात रिकामे राहतात.

11 मार्च 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडचं तिकीट कसं काढलं होतं, माहीत आहे? स्वतः लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून. पुढे अमेरिकेत त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहून आणि गावोगाव भाषणं देऊन पैसा उभा केला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आनंदीबाई मात्र घरी परतल्या त्या क्षयाने पोखरूनच. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण तिथे काम करायचं नशिबी नव्हतं. 26 फेब्रुवारी 1887 ला त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. थंडी, अपुरं अन्न आणि अंगावर काढलेलं दुखणं यांची किंमत मोठी असते. म्हणून पोटखर्चाचा आकडा कधी कमी धरू नका. तिथे गेल्यावर काहीतरी काम मिळेल, या भरवशावर लेकराला पाठवू नका.

दुसरी गोष्ट डॉक्टर रखमाबाईंची. लहानपणी लग्न झालं होतं आणि मोठेपणी त्यांनी सासरी नांदायला जायला नकार दिला. 1884 पासून कोर्टात खटला चालला. सगळीकडे बोभाटा झाला. पण त्याच बोभाट्यामुळे त्यांच्या धीराची कदर करणारेही पुढे आले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी त्यांच्या शिक्षणासाठी पैसा जमवायला मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. 1889 मध्ये रखमाबाई लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत गेल्या, 1894 मध्ये शिक्षण पुरं करून आल्या आणि सुरतेत, मग राजकोटला, वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले. ही वर्गणीची वाट. अनेकांचे थोडे थोडे पैसे एका बाईमागे उभे राहिले. आपला बचत गट दुसरं काय करतो?

त्याच सुमारास तिसरी वाट निघाली, ती कर्जाची. 1892 मध्ये जमशेदजी टाटांनी परदेशी शिकणाऱ्यांसाठी निधी काढला. ही फुकटची देणगी नव्हती. शिकून आल्यावर पैसे परत करायचे, म्हणजे ते पुढच्या मुलाला मिळतील. आपल्या फिरत्या निधीसारखंच. आधी तो पारशी मुलांसाठी होता, पण दोनच वर्षांत सगळ्यांसाठी खुला झाला. या निधीवर शिकलेल्या सुरुवातीच्या मंडळींत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या डॉक्टर बायका होत्या. हा निधी आजही चालू आहे.

आता बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगते, कारण चारही पैशांचा हिशोब तिच्यात दिसतो.

बाबासाहेबांची बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी ओळख करून दिली ती केळुसकर गुरुजींनी. योजना असते, पण ती आहे हे सांगणारा माणूस लागतो. महाराजांनी आधी बी.ए.साठी दरमहा मदत दिली. 1913 च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी महाराज काही मुलांना अमेरिकेला पाठवणार असं कळलं आणि बाबासाहेबांची निवड झाली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. त्या वेळच्या दराने साधारण पावणेदोनशे रुपये. जूनमध्ये करारावर सही झाली. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

पुढे 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला तिथे राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत शिपाईसुद्धा फायली लांबून टाकत. शेवटी नोकरी सोडावी लागली. मैत्रिणींनो, करार करताना फक्त आपण काय करायचं एवढंच लिहिलेलं असतं. समोरच्याने आपल्याला कसं वागवायचं, ते कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून सही करण्याआधी कागद घरात दोनदा वाचायचा. कळत नसेल तर कळणाऱ्याकडून वाचून घ्यायचा.

अर्धं राहिलेलं शिक्षण त्यांनी सोडलं नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापकी केली आणि त्यातून बचत केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. न्यूयॉर्कमध्ये जोडलेले पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्ज दिलं. म्हणजे बचत, मदत आणि कर्ज, असे तीन धागे एकत्र वळले, तेव्हा 1920 मध्ये लंडनची वाट पुन्हा उघडली. तिथे अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात बसत. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

आणि चौथा पैसा? तो रमाईंनी भरला. नवरा परदेशी असताना मुंबईच्या चाळीत त्यांनी संसार ओढला. पोटची लेकरं गेल्याचं दुःख सोसलं. गोवऱ्या थापून घर चालवलं असं सांगतात. साडेअकरा पौंडांच्या करारात रमाईंचं नाव नव्हतं, पण त्या घर धरून बसल्या नसत्या तर करार पुरा झाला नसता. आपल्याकडे मुलगा परदेशी गेला की त्याचा सत्कार होतो. त्याच्या मागे दोन हंगाम मजुरीला गेलेल्या आईचा हिशोब कुणी मांडत नाही. तो आपण आधी मांडू. पोरगं गेल्यावर दोन वर्षं घर कशावर चालेल, आजारपण आलं तर काय, धाकटीच्या शिक्षणाचं काय, हे लिहून काढायचं. धाकटीचं शिक्षण बंद करून थोरल्याला पाठवत असू, तर तो खर्च तिच्याकडून घेतलेला आहे, हे घरात उघड बोललं गेलं पाहिजे.

या गोष्टीचा एक तुकडा आपल्या खानदेशातला आहे. 1929 मध्ये बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून धुळ्याकडे चौकशीला आले होते. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरचे टांगेवाले त्यांचा टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम धरला, त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाला दुखापत झाली. अमेरिका आणि इंग्लंडच्या पदव्या घेतलेला माणूस, आणि चाळीसगावात त्याला टांगा मिळाला नाही. पदवीने सगळं बदलत नाही. पण त्या पदव्यांच्या जोरावरच ते सरकारदरबारी आपल्या लोकांचं गाऱ्हाणं मांडू शकत होते, हेही तितकंच खरं.

मग आज काय? तेव्हा राजाची मर्जी लागत होती, आज अर्ज करता येतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी वर्षाला 125 जागा असतात. त्यातल्या तीस टक्के मुलींसाठी आहेत. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत लागतं. आदिवासी मुलांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. महाराष्ट्र सरकारची 2003 पासूनची योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. या शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत, बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांसाठी नाहीत. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचायची आणि जळगाव किंवा धुळ्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारायचं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट वर्षभर आधी तयार ठेवायचे. तहसीलमध्ये एक कागद अडकला की जागा जाते.

बँकेचं शैक्षणिक कर्जही आहे. सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. मोठ्या रकमेला घर किंवा जमीन तारण मागतात. मुलाला नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार, याचं उत्तर सापडल्याशिवाय सातबारा पुढे करू नका. आणि "शिष्यवृत्ती मिळवून देतो, आधी पैसे भरा" असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सरकारी शिष्यवृत्तीसाठी दलाल लागत नाही.

शेवटी आपल्या गटांना एक सुचवते. लाखांची फी गटाने भरायची नाही, ती आपली ऐपत नाही. पण मोठी मदत मिळण्याआधी लहान खर्चावरच आपली मुलं अडतात. पासपोर्टचे दीड हजार, इंग्रजीच्या परीक्षेची फी, अर्जाचे पैसे, मुंबईला जाण्यायेण्याचं भाडं. आनंदीबाईंच्या दागिन्यांनी जे काम केलं, ते हेच. एवढं कर्ज गट सहज देऊ शकतो आणि वसूलही करू शकतो. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या दहा-बारा घरांत पदवीच्या शेवटच्या वर्षाला कोण कोण आहे. नावं वहीत लिहा. त्यात मुलींची नावं आहेत ना, तेही बघा.