कराची ते जुहू: सात तास

मागच्या आठवड्यात सहज तिकिटांच्या अॅपवर ‘कराची ते मुंबई’ टाकून बघितलं. जायचं नव्हतं कुठे, उगाच. सरळ रेषेत अंतर साधारण 870 किलोमीटर. जेट विमानाला दीड तास खूप झाला. पण थेट विमानच नाही! दुबईमार्गे जा म्हणे. म्हणजे आधी पश्चिमेला जायचं आणि मग उलटं यायचं, मिळून 3,100 किलोमीटरच्या आसपास. हवेतले पाचएक तास आणि दुबईतला थांबा वेगळाच.

आता 15 ऑक्टोबर 1932 ला जाऊ. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एक छोटं, एका इंजिनाचं पस मॉथ विमान उडालं. चालवणारे जे. आर. डी. टाटा, वय 28. सोबत प्रवासी कुणी नाही, फक्त टपालाची पोती. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली पत्रं पुढे मुंबईला आणायची होती.

विमानाचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगात एका दमात येणं कुठलं! मध्ये अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून. (हे चित्र मला फार आवडतं. विमान थांबलंय आणि बैल येतायत.) अहमदाबादवरून वाट हजार किलोमीटरच्या वर जाते. उडण्याचेच साडेसहा तास झाले, वर इंधन भरायचा वेळ. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. जुहूचं मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट; पावसाळ्यात ते कामाचं नसे, मग पुण्याहून काम चाले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. या टपालसेवेची मूळ कल्पना त्याचीच, पण त्याचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशी विमानाने कुठलीही सीमा ओलांडली नाही. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, वेगळा झाला 1936 मध्ये. म्हणजे कराची ते मुंबई हा इलाख्यातल्या इलाख्यात प्रवास. पासपोर्टचा प्रश्नच नव्हता. आज दोन्ही देशांची हवाई हद्द एकमेकांच्या विमानांना बंद आहे. तंत्रज्ञान नव्वद वर्षं पुढे आलं, आणि दुबईतला थांबा धरून आपण परत सात तासांच्याच आसपास!

1982 मध्ये, बरोबर 50 वर्षांनी, 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी तीच वाट पुन्हा एकट्याने उडून काढली, लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या विमानातून. फाळणी होऊन गेली होती, युद्धं होऊन गेली होती, तरी परवानगी मिळाली होती.

तुमच्या घरात कुणी कराचीला राहिलेलं असेल, आजी-आजोबा, पणजोबा, तर त्यांना विचारा ते मुंबईला कसे यायचे, रेल्वेने की बोटीने. आणि व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.