रिबेट, शोल्डर की राउटर? लाकडाच्या सांध्यासाठी कोणता रंधा घ्यायचा

शिर्डीत मंदिराच्या आसपास फिरताना साईबाबांच्या फोटोफ्रेम आणि लाकडी देव्हारे तुम्ही ढिगाने पाहिले असतील. पुढच्या वेळी एखादी फ्रेम उलटी करून बघा. आतल्या कडेला पायरीसारखी एक खाच दिसेल. काच, फोटो आणि मागचा पुठ्ठा त्या खाचेत बसलेला असतो. या खाचेला रिबेट म्हणतात. तयार फ्रेमच्या पट्टीला ती मशीनवरच पाडलेली असते. पण हाताने पाडायला गेलात तर घरातला नेहमीचा रंधा तिथे चालतच नाही. त्याचं पातं तळाच्या कडेपर्यंत पोचत नाही, दोन्ही बाजूंना थोडं लोखंड किंवा लाकूड उरतं. कोपऱ्यात गेलं की तेच अडतं.

म्हणून सांध्यांसाठी वेगळे रंधे असतात. ते किती प्रकारचे आहेत हे इंटरनेटवर शोधायला गेलात तर डोकं गरगरेल. माझंही गरगरलं होतं.

मी आजीच्या देव्हाऱ्यासाठी सागवानाचं दार करायला घेतलं होतं. चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये फळी, एवढंच. आपण फोन घेताना जे करतो तेच मी रंधा घेताना केलं: स्पेसिफिकेशन बघितली. ज्यात जास्त पाती तो चांगला, असं धरून एक स्वस्त कॉम्बिनेशन रंधा ऑनलाइन मागवला. पात्यांचा अख्खा डबा आला, एकालाही धार नाही. बाजूची पट्टी, म्हणजे फेन्स, स्क्रू आवळला की तिरकी व्हायची. तरी रेटून दार पूर्ण केलं. टेबलावर ठेवलं तर तीन कोपरे टेकले आणि चौथा चार मिलिमीटर वर. दाराला पीळ पडला होता. आजी म्हणाली, "राहू दे रे, चालतंय." पण ते दार बंदच होत नव्हतं.

चूक रंध्याची जेवढी होती त्याहून माझी जास्त होती. सांध्यात नेमकं कुठे बिघडतंय हे न बघताच मी अवजार घेतलं होतं.

आधी सांधा बघा

चौकटीचा सगळ्यात नेहमीचा सांधा म्हणजे एका पट्टीला चौकोनी भोक आणि दुसऱ्या पट्टीला त्यात बसणारं चौकोनी टोक. या टोकाला कुसू म्हणतात. कुसवाच्या दोन सपाट बाजू म्हणजे त्याचे गाल. गाल जिथे संपतो आणि पट्टीची पूर्ण जाडी सुरू होते ती आडवी कड म्हणजे खांदा.

गाल जाड राहिला तर कुसू भोकात जात नाही. गाल तिरका झाला तर पट्टी तिरकी बसते आणि दाराला पीळ पडतो. खांदा सरळ नसेल तर बाहेरून फट दिसते. तुमच्या सांध्यात यातलं काय बिघडतंय, त्यावर रंधा ठरतो.

राउटर रंधा: माझ्या मते पहिला हाच

नावावरून वायफायचा राउटर आठवेल, पण त्याचा संबंध नाही. हा रंधा म्हणजे दोन मुठी असलेला सपाट तळ आणि मधून खाली उतरणारं एल आकाराचं पातं. अमेरिकेच्या स्टॅन्ली कंपनीने 1880 च्या दशकात आणलेला 71 नंबर हा त्याचा प्रसिद्ध नमुना. आजचे बरेच राउटर रंधे त्याच घाटाचे आहेत.

त्याचं काम एकच: वरच्या पृष्ठभागापासून ठरलेल्या खोलीवर सपाट तळ करणं. बिजागरीची खाच, फळ्यांचे कप्पे बसवायच्या आडव्या खाचा, सगळीकडे खोली एकसारखी मिळते. पण खरी गंमत कुसवाच्या गालावर आहे. रंध्याचा अर्धा तळ पट्टीच्या तोंडावर टेकवायचा, दुसऱ्या अर्ध्याखाली त्याच जाडीचा तुकडा ठेवायचा आणि पातं गालावरून फिरवायचं. गाल पट्टीच्या तोंडाला समांतर होतो, कारण रंधा तिथूनच मोजत असतो. पटाशीने तासताना असा आधार नसतो, सगळं हाताच्या अंदाजावर. माझ्या दाराचा पीळ इथूनच आला होता.

बजेट नसेल तर हा रंधा घरीही होतो. बाभळीचा किंवा दुसऱ्या कठीण लाकडाचा ठोकळा घ्या, तळ सपाट करा आणि मधल्या भोकात एक जाड ॲलन की घट्ट पकडली जाईल अशी सोय करा. तिचं वळलेलं छोटं टोक घासून धार लावली की तेच पातं. दिसायला गावठी, पण काम चोख.

शोल्डर रंधा

हा अरुंद आणि उंच असतो. पातं तळाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचतं, किंबहुना केसभर बाहेर असतं, म्हणून कोपऱ्यात थेट जातं. खांद्यावर लाकडाचे तंतू कापलेल्या टोकासारखे उभे असतात, ते कापणं अवघड. म्हणून यात पातं बऱ्याच उतरत्या कोनात, धारेचा उतार वर ठेवून बसवतात. नेहमीच्या लोखंडी रंध्यात कापण्याचा कोन साधारण 45 अंश असतो, इथे बहुतेकदा त्याहून कमी. शिवाय बारीक तोंडामुळे पापुद्रा पातळ निघतो.

घ्यायचा तर पाऊण इंच रुंदीचा घ्या, बहुतेक घरगुती कामांना तो पुरतो. पण घाई नको. चांगल्या धारेची रुंद पटाशी आणि थोडा संयम असेल तर खांदा पटाशीनेही सरळ होतो. रोज चौकटी करत असाल तरच हा रंधा पैसे वसूल करतो. (व्हिडिओंत तो फार देखणा दिसतो, हे मान्य.)

रिबेट रंधा

फोटोफ्रेमवाल्यांनी हा पहिला घ्यावा. स्टॅन्लीच्या 78 नंबरच्या घाटाचे रंधे भारतातही बनतात. बाजूला फेन्स असते, ती खाचेची रुंदी धरते. खोली थांबवणारी एक पट्टी असते. आणि एक छोटी टोकदार चकती किंवा सुरी असते, ती आडव्या तंतूंवर आधी रेघ कापते म्हणजे कडा फाटत नाही. पातं बसवायच्या जागा दोन असतात, एक मधे आणि एक अगदी पुढे, बंद कोपऱ्याजवळ पोचायला.

फेन्स एकाच दांड्यावर असेल तर ती हलते. तिला लाकडाची लांब पट्टी स्क्रूने लावा, फरक लगेच कळेल. आणि सुरुवात पट्टीच्या पुढच्या टोकापासून करा. आधी पुढचा वीतभर भाग, मग हळूहळू मागे येत पूर्ण लांबी. मागून सुरू केलं तर रंधा भरकटतो.

खोबणीचा रंधा

फळीच्या कडेला अरुंद लांब खोबण पाडायला हा लागतो. दाराची मधली फळी त्या खोबणीत बसते, आणि तिला गोंद लावायचा नसतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, पावसाळ्यात दमट. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं. सागवान त्यात बरं, तरी फळीला दोन्ही बाजूंना एखाद-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवाच. गोंदाने जखडलेली फळी तडकते.

वर्षाला एखादं दार करणार असाल तर हा रंधा विकत घेऊ नका. ओळखीच्या सुताराकडे मशीन असतं, पाच मिनिटांत खोबण पाडून मिळते.

घेताना फोन बाहेर काढा

स्टीलची पट्टी रंध्याच्या तळावर उभी धरा आणि मागून फोनचा टॉर्च लावा. प्रकाश कुठून झिरपतोय ते बघा. पातं ज्या तोंडातून बाहेर येतं त्याच्या लगेच पुढचा भाग आणि दोन्ही टोकं टेकली पाहिजेत, मधे थोडा प्रकाश आला तर हरकत नाही. शोल्डर आणि रिबेट रंध्यात तळ आणि बाजू काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासा, इथेही टॉर्च उपयोगी. हा कोन चुकला असेल तर रंधा परत करा. घरी घासून तो सुधारणं फार कटकटीचं आहे. धार मात्र कुठल्याही नव्या पात्याला स्वतःच लावावी लागते. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून धारेचा फोटो काढा. कडेवर पांढरी चमक दिसली तर ती जागा अजून बोथट आहे.

कॅनडाचे व्हेरिटास, अमेरिकेचे ली-नील्सन हे रंधे उत्तमच आहेत. पण आयात करून घेतले तर त्यावर कस्टम ड्युटी आणि शिपिंग चढतं. पहिल्या दारासाठी तेवढी गरज नाही.

आजीच्या दाराचे चारही सांधे मी उघडले. गोंद सुटायला गरम पाणी आणि अख्खा रविवार लागला. दोन कुसवांचे गाल ठोकळ्याच्या राउटर रंध्याने पुन्हा सारखे केले. त्याने ते थोडे पातळ झाले, म्हणून सागवानाची पातळ चकती चिकटवून परत त्याच खोलीवर आणले. आता कोपरा वर राहतो तो अर्धा मिलिमीटर. कडी लागते.