अग्रक्रमाच्या तीन बिटांचा इतिहास

१

संगणकजाळ्यांच्या शास्त्रात ‘सेवागुणवत्ता’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. स्विचच्या पोर्टवर येणाऱ्या पॅकेटांपैकी कोणती आधी सोडावयाची, कोणती थोपवावयाची व गर्दी अनावर झाल्यास कोणती टाकून द्यावयाची, ह्यांविषयीचे नियम म्हणजे सेवागुणवत्तेचे धोरण होय. हा विषय केवळ अभियंत्यांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि त्याची परिभाषा तपासू लागले असता तिच्यात तारायंत्राच्या काळाचे अवशेष आढळतात, आणि ‘कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा’ हा प्रश्न तिच्या मुळाशी असल्याचे दिसून येते. प्रस्तुत टिपणात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

१८६५ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय तार-करारात तारांचे तीन वर्ग केले होते : शासकीय, तारखात्याच्या कामकाजाच्या व खाजगी. पाठवणीचा क्रमही हाच होता. पुढे अमेरिकी लष्करी संदेशव्यवहारात रूटीन, प्रायॉरिटी, इमीजिएट व फ्लॅश अशा चढत्या श्रेणी रूढ झाल्या. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचे विवरण (आरएफसी ७९१) प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागातील एका बाइटाचे पहिले तीन बिट अग्रक्रमासाठी राखून ठेवण्यात आले. तीन बिटांच्या आठ श्रेणी होतात. त्यांपैकी खालच्या चारांना ही लष्करी नावेच मिळाली. सर्वांत वरच्या दोन श्रेणी मात्र जाळ्याच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी होत्या. १८६५ मध्ये कामकाजाची तार शासकीय तारेच्या मागे उभी होती. १९८१ मध्ये तिने पहिले स्थान घेतले. जाळेच कोलमडले तर कोणाचाच संदेश पोचणार नाही, हे त्याचे कारण उघड आहे.

३

तार-कचेरीत संदेशाची श्रेणी तपासणारा कारकून असे. इंटरनेटवर मात्र श्रेणी पाठवणारा स्वतःच लिहितो. ज्या दाव्याला किंमत मोजावी लागत नाही, त्याला प्रामाण्यही उरत नाही. म्हणून हे तीन बिट बहुतेक ठिकाणी दुर्लक्षितच राहिले.

गर्दीचा प्रश्न मात्र थांबून राहिला नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील विद्यापीठ ह्यांच्यामधील सुमारे चारशे यार्डांच्या अंतरावर वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन ह्यांनी १९८८ मध्ये ह्यावर सुचविलेला उपाय पाठवणाऱ्याच्या संयमावर आधारलेला होता. जॉन नेगल ह्यांनी १९८५ मध्येच वेगळा मार्ग दाखविला होता : प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग स्वतंत्र ठेवावी व पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, मग हावरटाची रांग लांबेल, इतरांची नाही. त्याच सुमारास एनएसएफनेटच्या ५६ किलोबिटांच्या दुव्यांवर डेव्हिड मिल्स ह्यांच्या ‘फझबॉल’ राउटरांनी टेलनेटचा पोर्ट-क्रमांक २३ ओळखून त्या रहदारीला पुढे काढण्यास आरंभ केला. टंकलेखन करीत पडद्याकडे पाहत बसलेल्या मनुष्याला विलंब जाचतो. फाइलीला तो जाचत नाही. येथे पॅकेटाच्या दाव्याऐवजी त्याचे दार पाहिले गेले. परंतु २३ क्रमांकाच्या दारातूनही कोणी काहीही पाठवू शकतो. म्हणजे हाही पुरावा दुय्यमच.

४

१९९४ ची ‘एकात्मिक सेवा’ योजना व १९९७ चा आरएसव्हीपी ह्यांनी प्रत्येक प्रवाहासाठी मार्गभर जागा राखून ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रत्येक राउटरने प्रत्येक प्रवाहाची नोंद ठेवणे मोठ्या जाळ्यात झेपणारे नव्हते. डिसेंबर १९९८ च्या ‘विभेदित सेवा’ योजनेने (आरएफसी २४७४ व २४७५) हा भार सीमेवर टाकला. जाळ्याच्या कडेला वर्गीकरण करावे, सहा बिटांत खूण लिहावी व ठरलेल्या प्रमाणाबाहेरची रहदारी अडवावी. आतल्या राउटरांनी केवळ खूण वाचून रांग निवडावी.

आजची पोर्टवरील धोरणे ह्याच विचाराची अपत्ये होत. कचेरीतील टेबलावरचा फोन आवाजाच्या पॅकेटांवर ४६ हा अंक लिहितो. त्याच फोनाला जोडलेला संगणकही ४६ लिहू शकतो. म्हणून पोर्टचा नियम असा घालतात की, फोनाची खूण मानावी व संगणकाची पुसून शून्य करावी. शिवाय आवाजाच्या रांगेलाही मर्यादा घालावी लागते; अन्यथा अमर्याद अग्रक्रम मिळालेली रांग इतरांची उपासमार करील. कारकून परत आला आहे. तो आता पोर्टवर बसतो, एवढेच.

५

भाषेच्या अभ्यासकाला ह्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. नव्या सहा बिटांच्या पद्धतीतही जुन्या तीन बिटांचा अर्थ अंशतः जपला गेला. सर्वांत वरच्या दोन श्रेणी अद्यापि मार्गनियंत्रणाच्या रहदारीसाठीच मानल्या जातात. उलट इथरनेटच्या तीन बिटांच्या अग्रक्रमात १ हा अंक प्रचलित संकेतानुसार ० च्याही खालचा आहे; कारण शून्य हे ‘काहीच न सांगणाऱ्या’ सामान्य रहदारीचे स्थान आधीच ठरून गेले होते. रूढी अंकगणितालाही वाकविते.

तात्पर्य, अग्रक्रम हा पॅकेटाचा गुण नसून कोणीतरी त्याला दिलेला दर्जा आहे. संस्थेच्या चार भिंतींत तो दर्जा संस्था देते, व त्यात फारसे वावगे नाही. सार्वजनिक जाळ्यात तो कोणी द्यावा, हा मात्र केवळ तंत्राचा प्रश्न राहत नाही. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली, तेव्हा आपल्या देशात ह्याच प्रश्नाची दरांची बाजू ऐरणीवर आली होती. म्हणून पोर्टवरील चार ओळींचा नियमही इतिहासाच्या विद्यार्थ्याने दस्तऐवज म्हणून वाचावा : त्यात कोणाचा शब्द मानला आहे व कोणाचा पुसला आहे, हे प्रथम पाहावे.