रापणीचा वाटा

या स्मरणिकेत आपल्या वर्गातले डॉक्टर, बँकवाले, शिक्षक सगळे लिहिणार. मासेमारीवर मी लिहावे असे समितीने ठरवले. चाळीस वर्षे समुद्रावर काढली आहेत, तेव्हा नाही म्हणता आले नाही.

आपल्या शाळेच्या दिवसांत मालवणकडे रापण म्हणजे अख्ख्या वाडीचा धंदा. होडीने अर्धगोल जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. तीस-चाळीस माणसे सहज लागत. रापण एकट्याची नसे, संघाची असे. मासळी विकली की जाळ्याचा नि होडीचा वाटा बाजूला काढून उरलेले माणशी वाटायचे. पगार हा शब्दच नव्हता. मिळाले तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. आपल्यातले काहीजण पहाटे दोर ओढून प्रार्थनेला उभे राहत, ते सरांना वासावरून कळे!

कोळंबीला परदेशात भाव आला तसे ट्रॉलर वाढले. त्यांचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. म्हणून १९८१ मध्ये राज्याने सागरी मासेमारीचा कायदा केला आणि किनाऱ्यालगतचे ठरावीक वाव खोलीपर्यंतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखले. कागदावर तरी राखले. पुढे पर्ससीन आली. ती बांगड्या-तारलीचा अख्खा थवा वेढते आणि खालून दोरी आवळून पिशवी बंद करते. रापणीत यायचा तो हाच बांगडा. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या पाण्यात पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा राहिली. माझ्या मते हे फार उशिरा झाले.

मी स्वतः ट्रॉलरवर खलाशी, मग तांडेल झालो. तेव्हा बोलायचा अधिकार अर्धाच. पण बदल जवळून पाहिला. आता मोठ्या नौकांवर नेपाळचे खलाशी असतात, महिन्याच्या पगारावर. पोरे कष्टाळू. मात्र जाळे रिकामे आले तरी डिझेल, बर्फ, पगार मालकाने भरायचाच. रापणीत तोटाही वाटला जाई, तो आता एकाच घरावर बसतो. मुलगा विचारतो, बोट ठेवायची की विकायची? अजून ठरलेले नाही.

समितीला एक विनंती: पुढचा मेळावा १ जून ते ३१ जुलैमध्ये ठेवा. बंदीचे ते ६१ दिवसच आम्ही घरी सापडतो.